हिराकाकींच्या पडवीतले चेहऱ्यांचे रंग

बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी शिळी होते. तिच्या कॉलमात जे मावत नाही ते मात्र शिळं होत नाही, ते वहीच्या मागच्या पानांवर साठत जातं. तीस वर्षं वसई तालुक्यात बातमीदारी केली, नगरपालिका, पाणी, रस्ते, बिल्डर सगळ्यांशी भांडलो. त्या वह्या आता चाळतो तर पुढच्या पानांवर काय लिहिलंय ते मलाच आठवत नाही. मागची पानं मात्र सगळी जूचंद्रची निघतात, आणि त्यातली निम्मी हिराकाकींच्या पडवीतली.

जूचंद्र म्हणजे आमच्या नायगावच्या पूर्वेचं रांगोळीवाल्यांचं गाव. दारापुढची ठिपक्यांची रांगोळी नव्हे. इथली माणसं जमिनीवर नुसत्या पुडीने माणसाचा चेहरा काढतात, डोळ्यातल्या पाण्यासकट. आणि त्या चेहऱ्यांना लागणारे रंग हिराकाकी घरी बनवायच्या. पांढरी रांगोळी दळून, त्यात रंग कालवून, वाळवून, तीनदा चाळून. त्यांच्या सासूच्या काळात गावात हे काम करणारी बरीच घरं होती. मी जायला लागलो तेव्हा एकच उरलं होतं.

रविवारी दुपारी त्या पडवीत आमचा अड्डा असायचा. दत्ता मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. नरेश, बँकेत नोकरी करणारा आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस जमिनीवर ओणवा घालवणारा. आणखी चार-पाच कलाकार. आणि मी, ज्याला साधी रेघ सरळ ओढता येत नाही.

*

पहिल्यांदा गेलो तो बातमीसाठी. निघताना वाटलं, मुलीला शाळेच्या स्पर्धेसाठी रंग हवेत, इथूनच घेऊन जाऊ.

"काकी, थोडा अंगाचा रंग द्या."

"कोनाचा चेहरा?"

"कोणाचाही चालेल हो. मुलगी लहान आहे."

काकींनी उघडलेला डबा बंद केला.

"मंग बाजारात जा, भाऊ. तिथं कोनाचाही मिलतो."

मी चिडलो. मंत्री मला असं बोललेले नव्हते. पण बाहेर पडताना मास्तरांनी समजावलं की काकींची ही रीतच आहे. चेहरा कोणाचा, वय काय, उन्हात फिरणारा की सावलीत बसणारा, आणि रांगोळी काढणार त्या खोलीत उजेड कुठून येतो, एवढं सांगितल्याशिवाय त्या चेहऱ्याचा रंग देत नाहीत. मी परत आत गेलो आणि मुलीच्या आजीचं वर्णन करायला बसलो. पाऊण तास लागला. माझ्या आईकडे मी आयुष्यात इतकं नीट पाहिलं नव्हतं.

*

तरी एकदा हट्टाने दुकानात गेलोच. स्टेशनजवळचं मोठं दुकान, क्राफ्टचं सगळं सामान मिळतं, एसी आहे. रंगाच्या पुड्या ओळीने टांगलेल्या. एकीवर लिहिलेलं, 'स्किन कलर'. आत फिक्कट गुलाबी पावडर.

मी दुकानदाराला विचारलं, "ही कोणाची स्किन?"

"म्हणजे?"

"या रंगाचा माणूस तुम्ही वसईत कुठे पाहिलाय? मिठागरावर? भाताच्या खाचरात? चर्चमध्ये? एक दाखवा. मी पूर्ण बॉक्स घेतो."

गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली. दुकानदाराने पुडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ही कंपनीची स्किन आहे."

एवढं सरळ उत्तर मला महानगरपालिकेत कधी मिळालं नाही.

*

नरेशला एका कोळ्याचं पोर्ट्रेट करायचं होतं. काकी म्हणाल्या, "फोटोवरनं रंग देनार नाय. फोटोत ऊन खोटं असतं." तेव्हा एका सकाळी आम्ही तिघं पाचूबंदरला गेलो. मासळीचा लिलाव रंगात आलेला. नरेश पापलेटांचे फोटो काढत सुटला. काकींनी त्याच्या पाठीत धपका घातला.

"मासली नको बगू. मानसं बग."

आणि स्वतः एका तांडेलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. होडीचा तो मुख्य माणूस दोरखंड गुंडाळत होता. काकी त्याच्या मानेकडे टक लावून बघतायत. तो वळला की त्या बाजूला सरकायच्या, तो वाकला की या वाकायच्या. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय पायजे, बाय?"

"तुजी मान."

लिलाव थांबला. तांडेलाची बायको टोपली खाली ठेवून पुढे आली, कमरेवर हात ठेवून. मी मध्ये पडून सगळं समजावलं, रांगोळी, चेहरा, मानेवरचा उन्हाने रापलेला रंग. तिने ऐकून घेतलं. काकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"ने त्याला. पन सांच्याला परत आनून सोड. उद्या पहाटे बोट जायचीय."

*

काकी रंग बांधून द्यायच्या त्या वर्तमानपत्राच्या पुडीत. प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्या पडवीत कधी आली नाही. एकदा मी माझ्या पुडीकडे पाहिलं तर ती माझ्याच बातमीत बांधलेली. पहिल्या पानावरची, खाडीतल्या भरावाची. ती मिळवण्यासाठी मी आठवडाभर चिखल तुडवला होता आणि ती छापून आल्यावर मला धमकीचा फोनही आला होता.

मी म्हटलं, "काकी, ही माझी बातमी."

"हो? तुमचा पेपर बरा असतो, भाऊ."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाचकाने तोंडावर कौतुक केलं. मी विचारलं, "काय आवडतं त्यातलं?"

"कागद जाड हाय. पुडीतनं रंग गलत नाय."

*

मग ऑनलाइनचे दिवस आले. नरेशने चोवीस छटांचा संच मागवला. सुंदर खोका, प्रत्येक डबीला नंबर. त्याने काकींना सांगितलं नाही आणि एका उद्घाटनासाठी पुढाऱ्याचा चेहरा त्याच रंगांनी काढला. पोत मऊ, तकाकी छान. मीसुद्धा गुपचूप कौतुक केलं.

पुढारी यायच्या पाच मिनिटं आधी कोणीतरी पंखा लावला. काकींची रांगोळी दगडाची, जड, ती जागची हलत नाही. ही पावडर पिठासारखी हलकी. पुढाऱ्यांची मिशी आमच्या डोळ्यांदेखत उठली आणि शेजारी मास्तरांनी काढलेल्या समाजसेविकाबाईंच्या ओठांवर जाऊन बसली.

पुढारी आले. स्वतःच्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. मास्तरांनी आयुष्यभर वर्ग सांभाळलेले, ते पुढे झाले आणि म्हणाले,

"साहेब, कॉलेजच्या वेळचे आहात."

साहेब खूश. बाईंनी मात्र पुढची दोन वर्षं मास्तरांशी बोलणं टाकलं.

*

त्या प्रकारानंतर पडवीत भरलेल्या आमच्या रांगोळी मंडळाच्या बैठकीत मी भाषण ठोकलं. मला भाषणाची सवय आहे. म्हटलं, एक बाई या वयात तीनदा चाळून रंग देते, तुमच्या चेहऱ्यांना चेहरा देते, आणि तुम्ही नंबरच्या डब्या मागवता? उद्या ही पडवी बंद झाली तर जूचंद्रचा प्रत्येक माणूस त्या कंपनीच्या गुलाबी कातडीत जाईल. ठराव करा, दुकानाची पुडी मंडळात येणार नाही.

सगळ्यांनी हात वर केले. मास्तरांचा सगळ्यात उंच. नरेशने तर दोन्ही.

काकी कोपऱ्यात चाळण हलवत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माज्यासाठी ठराव नको. रंग चांगला असंल तर घ्या. ज्या दिवशी माजा रंग दुसऱ्याला सुधारायला लागंल, त्या दिवशी मी चालन खुंटीला टांगीन. सासूनं पन तसंच केलं."

हे त्या सहज बोलल्या. पण पडवीतले सगळे एकदम आपापल्या चहात बघायला लागले. मला वाटलं, माझं भाषण लागलं.

*

गेल्या वर्षी काकींच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एकाचं, महिन्याने दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून त्या पडवीत बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते मास्तरांना: "मास्तर, तुमी एवढे म्हातारे कवा झाले?"

दिवाळीच्या प्रदर्शनाचे रंग त्यांनी नव्या डोळ्यांनी बनवले. नेहमीप्रमाणे प्रत्येकाला विचारून, कोणाचा चेहरा, उजेड कुठून. आम्ही खूश. पडवी अजून दहा वर्षं चालणार असं मी चार लोकांना सांगूनही आलो.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होतं. सकाळी दार उघडलं, मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकलो.

सात चेहरे जमिनीवर, आणि सातही पिवळे. एकाच वॉर्डात भरती केल्यासारखे. नरेशची शेतकरीण पिवळी. कोपऱ्यातलं बाळ पिवळं. मास्तरांनी शाळेच्या जुन्या शिपाईमामांचा चेहरा काढला होता, हुबेहूब, प्रत्येक सुरकुतीसकट, आणि हळद लागल्यासारखा. मामा स्वतः नवा शर्ट घालून चित्राशेजारी उभे होते. येणारा प्रत्येकजण आधी चित्र बघायचा, मग मामांकडे वळायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा,

"आता बरं आहे ना? काविळीला पथ्य फार पाळावं लागतं."

अकरा वाजेपर्यंत मामांना तीन वैद्यांचे पत्ते मिळाले. बाराच्या सुमाराला ते स्वतःच आरसा शोधायला गेले.

आणि तेवढ्यात काकी आल्या. काळा चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला नाही. पहिल्या चित्रापाशी थांबल्या. दुसऱ्या. तिसऱ्या. सातही पाहून झाल्यावर मास्तरांच्या चित्राजवळ खाली बसल्या, कडेची चिमूट उचलली, दोन बोटांत चोळली.

"हा माजा रंग नाय. यात पिवला कोनी टाकला?"

काकींनी मान वर केली.

"मास्तर, तुमाला विचारतेय."

मास्तर शाळेत पोरं उभी राहतात तसे उभे राहिले. "मी टाकला, काकी. चार वर्षं टाकतोय."

"का?"

"तुमचे चेहरे पांढरे पडायला लागले होते. मोतीबिंदूने तुम्हाला सगळंच पिवळट दिसायचं, म्हणून पिवळा कमी पडायचा. सांगितलं असतं तर तुम्ही चाळण टांगली असती. मग मी घरी नेऊन चिमूट चिमूट पिवळा चाळून घ्यायचो. या वर्षी तुमचा रंग बरोबर झाला हे लक्षातच आलं नाही. हाताने सवयीने टाकला."

"मीपण," नरेश भिंतीकडे बघत म्हणाला.

"मीपण, काकी." "मीपण." सातही जण. एकमेकांपासूनही लपवून, चार वर्षं.

मला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना, बातमीदाराची खोड. "पिवळा आणलात कुठून?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "स्टेशनजवळच्या दुकानातून."

म्हणजे माझ्या ठरावाला सगळ्यात उंच हात ज्यांचा, ते त्या दुकानाचे चार वर्षांचे गिऱ्हाईक. मी तोंड उघडलं. अख्खं भाषण तयार होतं. पण काकी भिंतीला धरून उठत होत्या, आणि त्या आता काय करणार, या एका गोष्टीकडे सातही माणसं बघत होती. नरेशचे डोळे भरलेले. मी तोंड बंद केलं.

काकी बाकावर बसल्या. पदराच्या टोकाने बोटावरचा पिवळा पुसला. मग ते टोक उजेडात धरून पाहिलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "पिवला माज्याकडनंच नेनारा तो दुकानवाला चार वर्सं मागं लागलाय, काकी, पिवला वाढवून द्या, पिवल्याला जूचंद्रात लय मागनी हाय."