झारचे निष्ठावंत

"राजाचं सोडा हो, राजाच्या मागं उभे असलेले काय म्हणून राहिले ते ऐका!" असं म्हणत सर टेबलावर डस्टर आपटायचे. वसमतच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी हिंदी. रशियाच्या झारच्या काळातले कडवे उजवे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

"सर, हे आपल्याला काहून शिकायचं?" एका पोरीनं विचारलं.

"शेजारी ओळखायला, बेटा!"

ते सांगायचे, आधी ही माणसं नुसती जुन्या रीतीचे गोडवे गायची. झार बाप, आपण लेकरं. झारनं नाइलाजानं संसद दिली, तशी ती बिथरली. झार भोळा, मंत्र्यांनी फसवला, असं ओरडत रस्त्यावर आली, ज्यूंची घरं जाळली. ज्या संसदेला शिव्या घातल्या, तिच्यातच खुर्च्या पटकावल्या. पुढंपुढं तर त्यांना खुद्द झारच मवाळ वाटायला लागला.

आमच्या उपप्राचार्यांना हे झोंबलं. चोराच्या मनात चांदणं! असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा फोन आला की हा उभं राहून बोलायचा. त्यानं कान भरले, "सर वर्गात तुम्हाला झार म्हणतात." साहेबांनी शहानिशा न करता सरांचे तास बंद केले. निवृत्ती तोंडावर आलेली.

"एक तास द्या फक्त," सर उपप्राचार्यापुढं हात जोडून म्हणाले. "झार पडला तवा हे निष्ठावंत कुठं होते, तेवढंच सांगायचं राहिलंय."

नाही दिला. मी त्याच दिवशी ठरवलं, याचं उट्टं काढीन.

पुढं संस्थेच्या निवडणुकीत साहेब पडले. नव्या साहेबांना पहिला हार याच गड्यानं घातला अन् प्राचार्य झाला.

गेल्या थंडीत सर वारले. शोकसभेत हा प्राचार्य डोळे पुसत "माझे गुरू, माझे गुरू" करत होता. जुने साहेब मागच्या बाकावर एकटेच बसले होते. त्यानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठून माईक घेतला. "सरांचा एक तास राहिलाय, तो घेतो. झारला गादीवरून उतरवलं, तेव्हा त्याच्यासाठी जीव देऊ म्हणणारे घरातून बाहेर निघाले नाहीत. काहींनी तर नव्यांना लगेच मुजरा घातला. आपल्याकडं हार घालतात."

नव्या साहेबांनी मान वळवून प्राचार्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

बघायला फक्त सर पाहिजे होते.