गोठा सोडून चुलीपुढं

पोरींनो, मी एक्याण्णव वर्षांची, तेर गावची. बोलतेय मी, टाईप करतीय माझी पणती.

आज सकाळी ती पाळीच्या दुखण्यानं पोट धरून उपाशीच पडली होती. तिची आई म्हणाली, "गप सोस. बायकांना हे चुकत न्हाय." माझं डोकंच फिरलं.

निजामाच्या राज्यात मी तेरा वर्षांची होते. पाळी आली की आई मला गोठ्यात बसवायची. शिळी भाकरी, गार पाणी, आन् कधी रझाकार येतील ही भीती. जीव जितका घाबरा, तितकं पोट जास्त दुखायचं. एकदा मी उठले आन् सरळ चुलीपुढं जाऊन बसले.

"घर बाटवलंस!" आई ओरडली.

"मारायचं तर मार. पण गोठ्यात मी जाणार न्हाय."

आईनं हात उगारला. मला पोट दाबून बसलेली बघून खाली घेतला. गरम कण्या वाढल्या, कंबर शेकली. दुखणं पुरतं थांबलं न्हाय, पण सोसवलं. मी परत कधी गोठ्यात बसले न्हाय.

आज नातसुनेला म्हणलं, "आधी लेकीला गरम जेवू घाल, मग दवाखान्यात ने." दोघी आत्ताच जाऊन आल्या.

तुमच्या पोरीला आज कुणी विचारलं का, "लई दुखतंय का गं?"