कड्याखालची बोराटी

बोराटी मी काढली होती. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. समितीला नाही, घरी नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या केरबालाही नाही.

मी कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे. गेली काही वर्षं जिल्ह्यातल्या धावण्याच्या स्पर्धांचे मार्ग आखून देतो. रस्त्यावरच्या शर्यतीचं सोपं असतं. ट्रेल रन म्हणजे रानवाटेची धाव. तिथे वाट आधी शोधावी लागते, मग मोजावी लागते, मग दर शंभर पावलांवर झाडाला रंगीत फीत बांधावी लागते. फीत दिसली की पळणारा डोळे झाकून पुढे जातो. म्हणजे त्याचे डोळे मी असतो.

राणीसावरगावच्या पलीकडे डोंगरात एक राखीव रान आहे. परभणी म्हटलं की लोकांना सपाट काळी जमीनच आठवते. त्यांना हे रान दाखवावं, ही आमच्या रनिंग ग्रुपच्या डॉक्टरसाहेबांची कल्पना. धाव डिसेंबरात ठरली. मी रेकी, म्हणजे वाटेची पाहणी, ऑगस्टमध्ये केली. हिरवंगार रान, खाली दरी, आणि मधोमध एक काळा कडा. कड्याच्या पायथ्यावरून पायवाट जात होती. मी मोबाईलवर फोटो काढला. तोच पोस्टरवर छापला गेला.

केरबा त्या रानाचा राखणदार. गावच्या समितीनं ठेवलेला, रोजंदारीवर. पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कमी. मार्ग दाखवायला तोच माझ्याबरोबर फिरला होता. स्पर्धेला पंधरा दिवस उरले तेव्हा त्याचा फोन आला.

"सर, त्या कड्याखालून माणसं न्हेऊ नका. आग्या मोहोळ बसलंय."

"ऑगस्टमध्ये तर नव्हतं."

"पावसाळ्यात नसतंयच की. दिवाळीच्या पुढं येतंय. औंदा लय मोठं हाय. वरून पठारानं न्या, आमी ढोरं बी तिकडूनच नेतो."

पठारावरची वाट मला माहीत होती. उजाड, दरी दिसत नाही, आणि अंतर दीड किलोमीटरनं कमी भरायचं. जाहिरात एकवीसची केली होती. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "पळणारा माणूस तिथे थांबतो कुठे? मिनिटभरात पार. आणि पोस्टरवर कडा छापलाय, सर. पण मार्ग तुमचा. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. केरबाला फोनवर "बघतो" म्हणालो आणि काहीच बदललं नाही.

स्पर्धेच्या दिवशी उजाडता उजाडता मी शेवटची पाहणी करायला निघालो. फिती जागेवर आहेत ना, कुणी काढल्या नाहीत ना, एवढंच बघायचं असतं. कड्याच्या अलीकडे, जिथून पठाराची वाट फुटते, तिथे माझ्या फितीखाली बोरीची भलीमोठी काटेरी फांदी आडवी पडली होती. वर दगड ठेवलेला.

आमच्याकडे वाट बंद आहे हे सांगायला कुणी पाटी लावत नाही. बोराटी टाकतात. बघणारा समजून दुसरीकडून जातो. मी खेड्यातच वाढलोय, मला हे शिकवायची गरज नव्हती. कुणी टाकली हेही मला तिथल्या तिथे कळलं. आणि मला राग आला. आखलेला मार्ग माझा, आणि हा राखणदार त्यावर बोराटी टाकतोय. मी दगड लाथेनं बाजूला केला, फांदी ओढली आणि खाली ओढ्यात ढकलली. हाताला दोन काटे रुतले. रुमाल बांधला आणि पुढे गेलो. वर कड्याला मोहोळ लटकत होतं. मी मान वर करून नीट बघितलंही नाही.

पहिले चौघे कड्याखालून सुखरूप गेले. केरबाला आम्ही पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी उभं केलं होतं. कड्याकडून माणसं येताना बघून तो पाण्याचे ग्लास टाकून उलटा पळत सुटला. तोवर मागचा घोळका कड्याखाली आला होता, आणि मोहोळ उठलं.

बाकीचे पांगले. गंगाखेडची एक नर्स, पहिल्यांदाच पळायला आलेली, ठेचकाळून पडली. केरबानं तिच्या अंगावर आपली घोंगडी टाकली, ओला पाला पेटवून धूर केला आणि धुराआडून तिला ओढत बाहेर आणलं. त्याला स्वतःला पांघरायला काहीच नव्हतं.

लांबून लोकांना दिसला तो फक्त धूर.

दवाखान्यात पोचेपर्यंत गोष्ट तयार झाली होती. राखणदार मध काढायला गेला, त्यानं धूर केला, म्हणून माश्या उठल्या. कुणी म्हणालं, हे लोक असंच करतात. मी शेजारी उभा होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात केरबा बाकावर बसला होता. तोंड इतकं सुजलेलं की डोळे दिसत नव्हते. आवाजावरून त्यानं मला ओळखलं.

"सर, बाई कशी हाय?"

"बरी आहे. धोका टळलाय."

"बोराटी टाकली व्हती मी. दगड बी ठिवला व्हता." मग तोच म्हणाला, "एखाद्या जनावरानं वढली आसंल."

रुमाल बांधलेला हात मी पाठीमागे घेतला.

"असेल," मी म्हणालो.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. केरबानं बोराटीचं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणी बघितली का?" मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही पहाटे गेला होता. होती का बोराटी?"

"माझ्या लक्षात नाही," मी म्हणालो.

केरबाचं काम गेलं. आता नवरा-बायको दोघं उसाच्या फडावर तोडीला जातात. नर्स आठवड्यात घरी गेली. तिच्या घरच्यांना अजून वाटतं की तिला त्यानंच त्या संकटात घातलं.

पुढच्या वर्षी मी मार्ग पठारावरून नेला. अंतर भरायला सुरुवातीला एक वळसा वाढवला, दहा मिनिटांचं काम होतं. सुरक्षिततेचा विचार केला म्हणून बक्षीस समारंभात माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ मी घेतला.

नवीन मुलांना मार्ग आखायला शिकवताना मी दोन गोष्टी सांगतो. स्पर्धा ज्या महिन्यात, रेकी त्याच महिन्यात. आणि वाटेत बोराटी दिसली तर ती काढण्याआधी टाकणाऱ्याला विचारा. मुलं लिहून घेतात. हे मला कुठून कळलं, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

केरबाला मी एक कागद देणं लागतो. समितीच्या नावे, माझ्या सहीचा. त्यात लिहायचं इतकंच की बोराटी होती, त्यानंच टाकली होती, आणि ती मी काढली. इथे छापायला मी हे सगळं लिहिलं. तो कागद अजून लिहिलेला नाही.