ओळंबा आणि पानसुपारी

तंजावूरच्या फलाटावर अप्पांनी माझ्या हातात दहीभाताचा डबा दिला आणि म्हणाले, "जातें म्हणूं नको, येतें म्हण." मी "येतें" म्हटलं आणि गाडी हलली. मद्रास, तिथून विमान, मग न्यू जर्सी. अम्मा स्टेशनवर आली नव्हती. मला तिचा राग आला होता. त्या वर्षांत कंप्युटर येणाऱ्यांना बाहेरून बोलावणी येत होती, आणि मी एकुलती एक असूनही निघाले.

हे देवनागरीत लिहितेय, कारण शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या, तेवढी लिपी हाताशी आहे. ओरत्तनाडू गावच्या चुलत-मावस भावंडांनो, तुम्हाला तमिळच वाचता येतं, तेव्हा हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांनी मात्र एकट्याने वाचा.

वर्षभराने अप्पा रिटायर झाले आणि भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं म्हणाले. विकणारे गोविंदराव मामा. नात्यातले नव्हेत, पण तंजावुरात घरी मराठी बोलणारा प्रत्येक जण आम्हाला मामा नाहीतर काका. जोडघर होतं. एका बाजूला ते आणि त्यांची बहीण कावेरीअक्का राहायचे, दुसरी बाजू विकायची होती. पानसुपारी देऊन शब्दही झाला होता. आमच्यात पानसुपारीनंतर घर तपासायला माणूस आणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. मला हे ठाऊक होतं. पण अमेरिकेत वर्षभर राहून मी फार शहाणी झाले होते. इथे घर घेण्याआधी होम इन्स्पेक्टर लावतात, तो छपरापासून गटारापर्यंत सगळं पाहून लिहून देतो. मी फोनवर अप्पांना फैलावर घेतलं. "तुम्ही घर बघून घेत नाही, भाषा ऐकून घेताय," म्हटलं. शेवटी मीच ओळखीतून तिरुच्चीचा एक निवृत्त इंजिनियर त्यांच्याकडे पाठवला.

पुढच्या रविवारी फोन केला.

"आला होता," अप्पा म्हणाले. "ओळंबा सोडला, भिंती ठोकल्या, कॉफी घेतली."

"मग?"

"मग काय. घर चांगलं आहे."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ऑफिसात दोघीतिघींना फुशारकीने सांगितलं की तंजावुरात असलं काही करून घेणारी मी पहिलीच.

घर घेतल्याच्या चौथ्या वर्षी ऐप्पसी महिन्याच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात मागची भिंत कोसळली. अम्मा स्वयंपाकघरात होती. खुबा मोडला, छातीला मार बसला. मी पोचले तेव्हा तिने मला ओळखलं, जेवलीस का विचारलं. आठ दिवसांनी गेली.

तेरावं झालं आणि मी तडक तिरुच्ची गाठली. त्या इंजिनियरला त्याच्याच दारात उभी राहून नाही नाही ते बोलले. म्हातारा माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये म्हणाला, "जुनं तळं बुजवून बांधलंय ते, बाई. मागची भिंत फार दिवस धरणार नाही, घेऊ नका, असं मी तुमच्या अप्पांना तेव्हाच सांगितलं. त्यांनी माझे हात धरले. मुलीला कळवू नका म्हणाले."

परतीच्या बसमध्ये मी अप्पांना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. घरी आले तर ते ओट्यावर बसलेले, दाढी वाढलेली. मी सगळं विसरले. "का घेतलंत?" एवढंच विचारलं.

"तूं गेल्यावर तिचं हसणं गेलं," ते म्हणाले. "तमिळमध्ये ती बाजार करायची, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायची. हसायची आपल्याच भाषेत. माझ्याशी किती बोलेल? इथे भिंतीपलीकडे कावेरीअक्का होती. इंजिनियर बोलला तें सगळं मी तुझ्या अम्माला सांगितलं होतं. ती म्हणाली, भिंत पडेल तेव्हां पडेल, तोवर बोलूं तरी."

मला रडूही येईना. तिला मी एकटं टाकलं होतं आणि वर इन्स्पेक्टर पाठवला होता. माझीच मला शिसारी आली. थोड्या वेळाने कावेरीअक्का आमच्यासाठी भात घेऊन आली, ताटं मांडली, आणि सवयीने अम्माचंही तिसरं ताट मांडून बसली म्हणून ढसाढसा रडली.

अप्पा माझ्याकडे यायला तयार झाले नाहीत. त्याच घरात पुढच्या खोलीत राहतात. मागे नुसता ताडपत्रीचा आडोसा आहे, तो काढून भिंत घालू देत नाहीत.

यंदा मी इथे न्यू जर्सीत घर घेतलं. होम इन्स्पेक्टर तीन तास फिरला. तळघर, वायरी, नळ, छप्पर, एक कोपरा सोडला नाही. जाड रिपोर्ट दिला आणि आणखी काही पाहायचंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेजारी कोण राहतं? त्याला वाटलं मी गंमत करतेय. ते आमच्या कामात येत नाही, म्हणाला. मी सही केली. एक चीर नाही घरात. संध्याकाळी कामावरून येऊन कुलूप उघडते, तेव्हापासून सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

दर रविवारी अप्पांना फोन करते. ते आधी हेच विचारतात, "आठवडाभरांत कोणाशी बोललीस?"

"पुष्कळ जणांशी," मी सांगते. "घर चांगलं आहे, अप्पा."