अर्ध्या युरियावरचं भात

आमच्या केंद्रात भाताची नवी जात तयार व्हायला बारा वर्षं लागतात, आणि किस्सा तयार व्हायला बारा मिनिटं. जात येईल तेव्हा येईल (येतेय कसली!), पण किस्स्यांनी गोदाम भरलंय. मैत्रिणी म्हणतात, "तू फार हसवतेस गं." हसवते, कारण रडायला बसले तर रजेचा अर्ज द्यावा लागेल, आणि आमच्याकडे रजा मंजूर व्हायलाही वेळ लागतो.

आधी आमचा धंदा सांगते. पेण आणि रोह्याच्या मधे आमचं छोटंसं भात संशोधन केंद्र आहे. शेतकरी खाचरात युरिया टाकतो, त्यातला बराचसा पाण्याबरोबर ओहोळात आणि तिथून खाडीत जातो. अर्ध्या युरियावर पूर्ण पीक देईल अशी जात शोधणं, हे आमचं काम. साबळे सर अकरा वर्षं त्याच्या मागे आहेत. शेकडो वाण गळत गळत त्यांच्या हाताशी एकच राहिलाय, नंबर एकशेबारा. त्याला अजून नावसुद्धा नाही. सर येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत, आणि त्यांच्यानंतर हे काम पुढे न्यायला कुणी नाही. तेव्हा एकशेबारा मार्चच्या आत पास झाला तर झाला, नाहीतर अकरा वर्षं पाण्यात. मी सरांची सहायक. पेणहून एसटीने यायचं, चिखलात उभं राहायचं आणि आकडे लिहायचे.

* * *

मुळात हा प्रोजेक्ट गव्हाचा! वरच्या ऑफिसात कुणीतरी कमी युरियावरचा गहू मंजूर करून घेतला आणि भाताचं शेपूट म्हणून आम्हाला मागे जोडून दिलं. त्यामुळे फॉर्म सगळे गव्हाचे येतात. आम्ही दरवर्षी प्रत्येक पानावर "गहू" खोडून "भात" लिहितो.

एकदा भर जुलैत तपासणीला साहेब आले. कोकणातला पाऊस, खाचरं तुडुंब. साहेब छत्रीखाली बांधावर उभे. एकदा फाइल बघतायत, एकदा शेत बघतायत.

"गहू कुठाय?"

सर म्हणाले, "साहेब, आमच्याकडे भात आहे."

साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला, काजूची पिशवी घेतली आणि गेले. आठवड्याने शेरा आला : "गव्हाच्या शेतात पाणी फार साचले आहे. त्वरित निचरा करावा."

निचरा केला का, हे विचारणारी पत्रं पुढची तीन वर्षं येत होती. सर प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे. मी एकदा म्हटलं, "सर, कशाला?" तर म्हणाले, "कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय, तेवढंच बरं."

* * *

आमच्या ट्रायलमध्ये काही खाचरांना पूर्ण युरिया असतो, काहींना अर्धा, आणि काहींना अजिबात नाही. बिनयुरियाची खाचरं पिवळी पडतात. पडायलाच हवीत, त्याशिवाय फरक कळणार कसा?

लावणीला वाडीवरच्या सुनंदाबाई येतात. हात इतका सरळ की दोरी लावायची गरज नाही. एका सकाळी लवकर पोहोचले, तर बाई टोपलीतून शेणखत घेऊन बिनयुरियाच्या खाचरात मूठमूठ टाकतायत! अगदी प्रेमाने.

"बाई! हे काय चाललंय?"

त्या दचकल्या नाहीत की लाजल्या नाहीत. उलट माझ्यावरच डाफरल्या, "काय गो ताय, तुमी शिकलेली मानसा! बाजूच्याला पोटभर नि याला कायच नाय? पंगतीत असा कुनी वाढतंय काय?"

"कधीपासून टाकताय?"

"लावनीपासून. रोज नाय, मना आठवंल तवा."

त्या वर्षीच्या बिनयुरियाच्या सगळ्या आकड्यांवर सरांनी स्वतःच्या हाताने काट मारली. एक अख्खा पावसाळा गेला. मी पंपघराच्या मागे जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? सुनंदाबाईंना कामावरून काढा असं सरांना कुणीतरी सुचवलं. सर म्हणाले, "काढून काय सांगू तिला? की तू माणुसकी दाखवलीस म्हणून?"

* * *

भाताला युरिया हवा की नको, हे बघायला एक प्लॅस्टिकची पट्टी मिळते. तिच्यावर हिरव्या रंगाच्या छटा असतात, फिक्यापासून गडदपर्यंत. पान पट्टीवर ठेवायचं आणि रंग जुळवायचा; पान फिकं निघालं तर भात उपाशी. सोपं काम. पण आमची पट्टी उन्हात राहून राहून पांढुरकी झाली. नवी मागवली. पुढच्या वर्षी उत्तर आलं की मागणी गव्हाच्या फॉर्मवर करावी.

माझा दीर हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. गणपतीचे डोळे काढतो, म्हणजे हात किती बारीक ते समजा. त्याला म्हटलं, "भावजी, जुन्या पट्टीवर कडेला मूळ रंग थोडा शिल्लक आहे, तेवढा बघून नवी करून द्या."

दिली करून. काय सुंदर पट्टी! सरांनी ती उजेडात धरून बघितली. आम्ही ती महिनाभर वापरली, आणि महिनाभर प्रत्येक खाचर उपाशी निघालं. पूर्ण युरियावालंसुद्धा!

शेवटी भावजींना गाठलं. "रंग जुळवला होता ना?"

"जुळवला की वयनी. पन लय फिका होता वो. मी प्रत्येक रंग जरासा गडद करून खुलवला!"

* * *

हा किस्सा छोटा आहे. भाताची लोंबी बाहेर पडून दाणा भरला की पाखरं येतात. आमच्याकडे तुलनेसाठी लावलेले शंभरावर वाण शेजारी शेजारी असतात, पण पाखरं आधी उतरतात ती एकशेबारावर. तो जरा लवकर पिकतो म्हणून असेल. डबे वाजवा, जाळी लावा, काही करा, थवाच्या थवा तिथेच.

मी हाकलत होते, तर सर बांधावर बसून शांतपणे बघत होते. म्हणाले, "राहू दे दोन मिनिटं. अकरा वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा पसंत केलाय त्याला."

* * *

मागे एकदा आम्ही शेतकरी मेळावा घेतला. विषय : "युरिया कमी वापरा". मंडप घातला, बॅनर लावला, वरणभात, बटाट्याची भाजी आणि जिलेबी. सर दीड तास बोलले. इतकं छान बोलले की पुढच्या रांगेतले चौघं जागे होते.

मेळाव्यातल्या उत्तम शेतकऱ्याला बक्षीस द्यायचं ठरलं होतं. बक्षीस तालुक्यातल्या एका दुकानदाराने स्पॉन्सर केलं होतं. आम्ही कुणी आधी बघितलं नाही. ही आमचीच चूक. कागद काढला, टाळ्या झाल्या. एक गोणी युरिया!

सरांनी ती स्वतःच्या हाताने दिली. फोटो आहे माझ्याकडे. त्यात सर हसतायत, आणि तो फोटो मला अजून बघवत नाही.

* * *

आता गेल्या पावसाळ्याचं सांगते.

जात पास व्हायची तर ती केंद्राबाहेर, शेतकऱ्याच्या शेतात एकदा सिद्ध व्हावी लागते. एक हंगाम, एक शेत. सरांच्या हातात तेवढाच हंगाम उरला होता. कुणी तयार होईना. कमी युरियात एकशेबाराची पानं थोडी फिकी दिसतात, पीक मात्र पूर्ण येतं. पण फिकं शेत म्हणजे आळशी माणसाचं शेत, असं आमच्याकडे सगळं गाव मानतं. अखेर कासू गावचे नामदेवकाका तयार झाले. स्टेशनवरून गावात येताना पहिलं शेत त्यांचं. अर्धा युरिया आम्हीच लावणीनंतर टाकून दिला आणि बजावलं, "काका, आता वरून काही नाही." काका म्हणाले, "शब्द दिला सर."

गणपतीच्या सुट्ट्यांत आमचं जाणं झालं नाही. त्यानंतर गेलो, तर शेत हिरवंगार! नुसतं गडद! सर बांधावरून उतरून आत शिरले, पानं हातात घेतली, मला म्हणाले, "लिही. हा रंग, अर्ध्या युरियावर!" मी लिहिलं, तरी त्यांनी वहीत वाकून पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला.

कापणीला पंधरा दिवस असताना वाऱ्यासकट पाऊस आला. आजूबाजूची शेतं उभी राहिली. आमचं सगळं शेत आडवं झालं, चिखलात झोपलं. जास्त युरिया खाल्लेलं भात असंच लोळतं, हे आम्ही स्वतःच मेळाव्यात सांगत होतो.

सर काकांच्या ओटीवर जाऊन बसले. 

मग काकाच म्हणाले, "सर, रागावू नका. गनपतीच्या आधी मी अख्खी गोनी मारली त्याच्यात."

"का हो काका? भात चांगलं होतं."

"व्हय, भात चांगलाच व्हता. मी भातासाठी नाय टाकली, लोकांसाठी टाकली. रोह्याचे पावने येनार होते पोरीला बघायला. गाडीतनं उतरले की पयला आमचाच शेत. पिवळा बघून काय बोलले असते? ज्याला शेताला घालायला नाय, तो पोरीला काय घालनार?"

 मला त्यांच्याकडे बघवेना, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग? जमलं का?"

काकांनी दाराकडे बघितलं. मुलगी चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. तिने पहिला कप सरांच्या पुढे ठेवला आणि म्हणाली,

"शेत पसंत पडला त्यांना, सर. पोरगी काळी हाय, बोलले."