हात हलवणारी माणसं

न्यू जर्सीची माणसं शिष्ट आहेत, हे माझं फार जुनं मत. आयसेलिनला ओक ट्री रोडवर भाजी घेताना जी मराठी बाई भेटेल तिला मी ते ऐकवत आले. "आम्ही आधी ओहायोत होतो ना," अशी मी सुरुवात केली, की आमचे हे लगेच चार पावलं पुढे जाऊन कोथिंबिरीच्या जुड्या निवडायला लागायचे. मला वाटायचं, तेच तेच ऐकून कंटाळले असतील बिचारे.

त्याचं असं झालं. लग्न होऊन मी सांगलीहून थेट ओहायोतल्या एका कॉलेजच्या गावात येऊन पडले. हे तिथे इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होते. सांगलीत दाराबाहेर पाऊल टाकलं की कोपऱ्यापर्यंत जाईतो चारजण विचारणार, काय, कुठे निघालात? इथे खिडकीबाहेर बर्फ, आणि शेजारच्या दारामागे कोण राहतं तेसुद्धा ठाऊक नाही. हे सकाळी गेले की दिवसभर मी आणि फ्रिजची घरघर. रडून रडून डोळे सुजायचे. शेवटी एकदा जेवताना मी सांगून टाकलं, "मला परत पाठवा. माझ्याच्याने नाही राहवत इथे."

यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि म्हणाले, "बरं. थंडी संपली की बघू."

झालं! थांब नाही, राहा नाही, होईल गं सवय नाही. जणू मी शेजारच्या गावाला हळदीकुंकवाला जाऊन येते म्हटलं होतं. इतका राग आला होता मला, काय सांगू. तो राग मी पुढे मुलं झाली, घर झालं, नातवंडं झाली तरी सोडला नाही.

त्याच सुमारास यांनी कॉलेजातल्या एका मुलाकडून जुनी गाडी घेतली. फ्रेंच होती. बुटकी, फिक्या निळ्या रंगाची, इंजिन मागे आणि सामान ठेवायची जागा पुढे. हॉर्न दोन: गावात वाजवायचा हळू आणि हमरस्त्यावरचा मोठा. तेव्हा अशा छोट्या युरोपियन गाड्या अमेरिकेत चिक्कार दिसायच्या. पाठीला बाक आलेल्या जर्मन, उघड्या टपाच्या इंग्लिश, स्वीडनच्या, इटलीच्या. लांबलचक अमेरिकन गाड्यांच्या मधून त्या तुरुतुरु जायच्या. आता एकही दिसत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात ना, त्यानेच त्यांचा पत्रा खाल्ला. आमच्या गाडीला माझ्या पायाखालीच भोक पडलं होतं, त्यावर यांनी केक भाजायचा ट्रे ठोकून बसवला होता. तरी थंडगार वारा पोटऱ्यांना लागायचाच.

तर पहिल्याच रविवारी आम्ही त्या गाडीतून फिरायला निघालो, आणि समोरून येणाऱ्या गाडीतल्या एका बाईने आपले दिवे चमकवले आणि छान हसून हात हलवला. मी दचकलेच.

"अहो, कोण हो ती?"

"असेल कोणीतरी," हे म्हणाले, आणि यांनीही आपले दिवे चमकवले.

पुढच्या वळणावर एका दाढीवाल्याने हात केला. मग मात्र मी पदर सावरला आणि काचेआडून दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोणी आपली विचारपूस केली तर आपण काय तोंड फिरवून बसायचं? पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. मी गाड्यांकडे बघतच नव्हते. गाड्यांतलं मला काय कळत होतं कपाळ? मी बघायचे ती हसरी तोंडं. मला वाटलं, साडीतली नवी सून गावात आली आहे ही बातमी पसरली असणार, आणि माणसं आपली आपुलकीने हात करताहेत. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायला लागायचे. थंडी संपली, झाडांना पालवी फुटली, आणि परत जायचा विषय ना यांनी काढला, ना मी. नवऱ्याने नाही म्हटलं थांब, गावाने तरी म्हटलं. असं मनाशी म्हणत मी राहिले ती राहिलेच.

पुढे यांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आलो. यांनी मोठी अमेरिकन गाडी घेतली. आणि इथे एका माणसाने हात केला असेल तर शपथ! मग शिष्ट म्हणू नको तर काय म्हणू?

गेल्या महिन्यात आमच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. नात आली होती, तिला घेऊन आम्ही दोघं गेलो. आणि बघते तर काय, तीच गाडी! तोच फिका निळा रंग, तेच गोल दिवे. मला इतकं भरून आलं, की तिच्या मालकाला, एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाला, मी उभ्या उभ्या सगळी कहाणी सांगितली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली, आणि हात जोडूनही दाखवले.

तो मनापासून हसला. म्हणाला, अहो, तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांना हात करायचो. छोटी परदेशी गाडी दिसली की दिवे चमकवायचे आणि हात हलवायचा, आत कोणी का बसलेलं असेना. मोठ्या गाडीवाले आम्हाला हसायचे ना, म्हणून आमची आपसांत दोस्ती.

"आजी, दे वर वेव्हिंग ॲट द कार!" नात टाळी वाजवून म्हणाली. "सो क्यूट!"

क्यूट कसलं डोंबलाचं! ते हात गाडीला होते, मला नव्हेतच. म्हणजे त्या गावाला मी आल्याचा पत्ताच नव्हता. नवऱ्याने थांब म्हटलं नाही, आणि गावानेही म्हटलं नव्हतं. मग मी राहिले कोणासाठी? मी यांच्याकडे बघितलं, तर हे हात पाठीमागे बांधून पलीकडच्या गाडीची चाकं न्याहाळत होते. यांना जरासुद्धा नवल वाटलं नव्हतं. तिथेच मला कळलं.

घरी आल्यावर नात फोन घेऊन वरच्या खोलीत गेली. मी चहा यांच्यासमोर आदळला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"ज्याने गाडी विकली त्यानेच सांगितलं होतं, किल्ली देताना. समोरून छोटी गाडी आली की हात करायचा, अशी पद्धत आहे म्हणून."

"आणि मी बाजूला बावळटासारखी नमस्कार करत बसायचे! हसत होतात की काय मनातल्या मनात?"

"नाही गं. तू पुन्हा हसायला-बोलायला लागली होतीस. दर रविवारी प्रोफेसरांच्या वस्तीतून न्यायचो तुला. तिकडे अशा गाड्या जास्त होत्या."

मला आठवलं. एकाच रस्त्याने हे दोनदोनदा गाडी फिरवायचे, आणि मी म्हणायचे, काय हो, रस्ता चुकलात काय? माझा राग निम्मा उतरला, पण निम्माच. एवढी वर्षं उरात धरलेलं असं सहजी थोडंच जातं?

"एवढा उपद्व्याप केलात," मी म्हटलं, "त्यापेक्षा एकदा तोंडाने थांब म्हणायला काय धाड भरली होती?"

यांचा चहा केव्हाच ढवळून झाला होता, तरी ढवळतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

काहीतरी तिखट बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण यांच्या हातातला चमचाच तेवढा काढून घेतला. त्या हिवाळ्यात मी 'नाही'च म्हटलं असतं.