बॉम्बरच्या पोटातली सवत

नेलपॉलिशच्या एका डागावरून मी माझ्या नवऱ्यावर पाळत ठेवली होती. यांना जाऊन आता दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘फार सरळ माणूस’ म्हणतो आणि मी पदराआड तोंड लपवते. लोकांना वाटतं, रडतेय.

ओझरच्या विमान कारखान्यातून हे फिटर म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याभरात मागच्या खोलीला कुलूप लागलं. जेवण झालं की हे आत. विचारलं तर, “काम आहे.” मग एकदा शर्टाच्या बाहीवर लाल नेलपॉलिश दिसलं. मी तर जन्मात कधी नखं रंगवली नाहीत. पुढे माझा चिमटा गेला, नव्या ब्लाउजचं अस्तर कापलेलं सापडलं... अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, पण अक्कल सोळाची. तीन आठवडे बाह्या हुंगल्या. शेवटी साक्षीदार म्हणून कळवणहून थोरल्या वन्संना बोलावलं आणि हे बँकेत गेल्यावर बत्त्यानं कुलूप फोडलं.

आत बाई नव्हती. टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाच्या मॉडेलचं हातभर लांब पोट होतं, वरून उघडं. वैमानिकांच्या खुर्च्या, त्यांना माझ्या अस्तराचे पट्टे, गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची तबकडीवजा यंत्रं, काडीएवढी शिडी, आणि जोंधळ्याएवढं आग विझवायचं नळकांडं... लाल नेलपॉलिशनं रंगवलेलं. वन्सं चष्मा सावरत वाकल्या.

“सुमे, तुझी सवत बसती कुठं गं? खुर्ची तर चिंचोक्याएवढी हाय.”

तरी माझा संशय जाईना. विमानाचं छप्पर बाजूला तयार पडलं होतं. ते बसवलं की यातलं काहीच दिसणार नाही, मग माणूस एवढं कोरतो कोणासाठी? तेवढ्यात हे दारात उभे. फुटलेलं कुलूप पाहिलं, माझ्या हातातला बत्ता पाहिला. चौतीस वर्षांत आवाज न चढवलेला माणूस. आता यांच्या मनातून मी कायमची उतरले, असंच मला वाटलं.

ते विमान आज कपाटावर आहे, बंद. आत काय आहे ते सांगितलं की नातवंडं एकमेकांकडे बघतात... संशय माझ्याकडूनच उचललाय. पण मी पाहिलंय. त्या दिवशी यांनी माझ्या हातातला बत्ता काढून घेतला, भिंग दिलं आणि म्हणाले, “कुलूप तुझ्या झटकायच्या फडक्यासाठी होतं, तुझ्यासाठी नाही. आता आलीच आहेस तर वाकून नीट तपास. कारखान्यात दुसऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय आम्ही झाकण लावत नाही.”